क्रीडेचें मर्म आणि क्लबाची पायरी

न्यायाचा विचार करणारे ग्रंथकार बहुधा अन्न, वस्त्र, शिक्षण, मताधिकार अशा गंभीर विषयांपासून प्रारंभ करितात आणि तेथेंच थांबतात. पोहण्याचा तलाव, गोल्फचें मैदान, सायंकाळीं पत्ते खेळण्याची खोली, जेवणानंतर टेकावयाचा व्हरांडा यांचा न्यायाशीं कांहीं संबंध असूं शकेल, ही कल्पनाच प्रथमदर्शनीं थोडी हास्यास्पद वाटते. ज्या देशांत अजून असंख्य अपंग मुलांना शाळेचें दार गांठतां येत नाहीं, त्या देशांतील मासिकानें श्रीमंतांच्या कंट्री क्लबांत चाकांच्या खुर्चीला वाट आहे कीं नाहीं याची चर्चा करावी, हें कांहीं वाचकांस चैनीचें लक्षण वाटेल. हा आक्षेप आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. त्याचा परामर्श पुढें घेऊं. परंतु आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. अपंग मनुष्याला आपण बरोबरीचा समजतों कीं केवळ दयेचा विषय समजतों, याची खरी परीक्षा रुग्णालयापेक्षां विरंगुळ्याच्या जागीं अधिक चांगली होते.

कंट्री क्लब ही संस्था मूळची अमेरिकन. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ब्रुकलाईन येथें 1882 सालीं ‘द कंट्री क्लब’ या साध्या नांवानें जी मंडळी एकत्र आली, तिचें अनुकरण पुढें त्या देशांतील शहरोशहरीं झालें. शहराबाहेर विस्तीर्ण हिरवळ, गोल्फचीं मैदानें, टेनिसचीं अंगणें, तलाव, भोजनगृह, आणि हें सारें निवडक सभासदांच्या वर्गणीवर चालावयाचें, असा हा थाट आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेन यानें 1899 सालीं आपला ‘विश्रांतिजीवी वर्गा’वरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हां रिकामपण हेंच प्रतिष्ठेचें चिन्ह कसें बनतें हें दाखवितांना असा समाज त्याच्या डोळ्यांसमोर होताच. निवड म्हटली म्हणजे वगळणें आलेंच. अमेरिकेच्या धंदेवाईक गोल्फपटूंच्या संघाच्या घटनेंत गोऱ्यांखेरीज इतरांस सभासदत्व नाहीं असें कलम 1934 पासून 1961 पर्यंत लिहिलेलें होतें. ऑगस्टा नॅशनल या सुविख्यात क्लबानें पहिला कृष्णवर्णी सभासद 1990 सालीं घेतला, आणि पहिल्या दोन स्त्रिया 2012 सालीं.

या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशीं कायद्यानेंच संबंध जोडून ठेवला आहे. 1964 च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें उपाहारगृहें, नाटकगृहें इत्यादि सार्वजनिक ठिकाणीं वर्णभेदास बंदी केली, पण खऱ्याखुऱ्या खाजगी क्लबांस त्यांतून वगळलें. पुढें 1990 सालीं अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्यांत व्यायामशाळा, गोल्फचें मैदान, करमणुकीचीं ठिकाणें हीं सार्वजनिक स्थळें म्हणून नांवानिशीं नमूद झालीं. परंतु खाजगी क्लबांची ती जुनी सवलत मात्र जशीच्या तशी उचलून या कायद्यांतही ठेवण्यांत आली. परिणाम असा कीं, पैसे भरून कोणीही खेळावयास जावें अशा मैदानानें अपंगांची सोय केली पाहिजे. शेजारच्या खऱ्या खाजगी क्लबावर मात्र या कायद्याचें बंधन नाहीं. त्या क्लबानें आपलें सभागृह लग्नकार्यास भाड्यानें दिलें, तर तेवढ्यापुरता तो कायद्याच्या कक्षेंत येतो. म्हणजे वऱ्हाडी मंडळींतील पंगू आजोबांसाठीं उतरण असावयास पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशीं सभासदाचा पाहुणा म्हणून तेच आजोबा आले तर ती असलीच पाहिजे असें नाहीं!

या सवलतीच्या मुळाशीं एक आदरणीय तत्त्व आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मनुष्यानें कोणाशीं मैत्री करावी, कोणाबरोबर जेवावें, हें सरकारनें ठरवूं नये. मिल्लचा ‘स्वातंत्र्या’वरील निबंध ज्यांनीं तरुणपणीं वाचला आहे, त्यांना हें तत्त्व सहजासहजीं सोडवत नाहीं, आम्हांसही सोडवत नाहीं. परंतु या तत्त्वाचें रक्षण कशाला मिळावें? जुन्या क्लबांत नवा सभासद घेतांना पेटींत गोळ्या टाकून गुप्त मतदान करीत, आणि काळी गोळी निघाली कीं उमेदवार बाद होई. ही रीत निष्ठुर खरी, पण तींत निदान कोणीतरी निवड करीत असे. दाराशीं असलेली सहा इंचांची पायरी कोणाची निवड करीत नाहीं. ती बांधतांना कोणी मत दिलें नाहीं, ठराव केला नाहीं, इतिवृत्तांत तिची नोंद नाहीं. सभासदांनीं ज्याला प्रेमानें बोलाविलें, ज्याच्या नांवाला सर्वांनीं संमति दिली, त्यालाही ती बाहेर ठेवते. संगतीच्या स्वातंत्र्याचें कवच या पायरीला देणें म्हणजे ज्या गोष्टींत कोणाची इच्छाच नाहीं, तिला इच्छास्वातंत्र्याचें नांव देणें होय. उलट आम्ही असें म्हणूं कीं पायरीमुळें यजमानाचेंच स्वातंत्र्य कमी होतें; त्याला आपला पाहुणा आपल्या मर्जीनें निवडतां येत नाहीं.

आतां त्या आक्षेपाकडे वळूं. भाकरी आधीं, खेळ मागाहून, असें म्हणणारास ॲरिस्टॉटलचें मत अपरिचित नसावें. आपण श्रम करतों ते विश्रांति मिळावी म्हणून, आणि विश्रांतींतच मनुष्य स्वतःच्या खऱ्या स्वरूपानें वावरतो, असें तो मानीत असे. त्याच्या विश्रांतीचा डोलारा गुलामांच्या श्रमांवर उभा होता, हें खरें. पण त्यामुळें विचारांतील तथ्य नाहींसें होत नाहीं. आमच्या काळांत मार्था नुसबाउम या विदुषीनें मनुष्यजीवनास आवश्यक अशा दहा सामर्थ्यांची जी यादी केली, तींत खेळ व हास्य यांना स्वतंत्र स्थान दिलें आहे. तिच्या 2006 च्या ग्रंथांत तर सामाजिक करारावर न्याय उभारणाऱ्या परंपरेवर हाच ठपका आहे कीं, करार करणारे सारे धडधाकट धरल्यामुळें अपंगांचा विचार मागाहून करावयाचा म्हणून राहून जातो.

पण ग्रंथांचा आधार न घेतांही हें समजण्याजोगें आहे. गरजेच्या ठिकाणीं आपण एकमेकांस नाइलाजानेंही सामावून घेतों. विरंगुळ्याच्या ठिकाणीं नाइलाज नसतो. पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास पाहावा. पालवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवांचून हिंदूंच्या संघाचें चालत नव्हतें, म्हणून चर्मकार जातीचा हा खेळाडू मैदानावर घेण्यांत आला. मैदानांत त्यानें हाताळलेल्या चेंडूचा विटाळ कोणास झाला नाहीं. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र त्याला मंडपाबाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. सामना जिंकण्यासाठीं बाळू हवे होते. चहा पिण्यासाठीं ते नको होते. अपंगाची स्थिति अगदीं हीच आहे असें आम्ही म्हणत नाहीं, कारण तेथें तिरस्कार होता आणि येथें बहुधा विस्मरण असतें. तरी दोन्हीकडे कसोटी चहाच्या वेळींच लागते. आमच्या महाविद्यालयांतील क्रीडाविभागास आपण जिमखाना म्हणतों. एका महाविद्यालयांत कुबड्या घेऊन चालणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षेची बैठक तळमजल्यावर देण्याची दक्षता दर वर्षीं घेतली जाई, आणि बुद्धिबळ व कॅरम हे खेळ मात्र दुसऱ्या मजल्यावर असत. ज्या खेळांस पाय लागत नाहींत, त्यांच्या खोलीला पाय लागत होते! अधिकाऱ्यांच्या मनांत दुष्टावा होता असें मुळींच नाहीं. हा विद्यार्थी परीक्षेला येईल हें त्यांना ठाऊक होतें. तो खेळावयास येईल असें त्यांच्या मनांतच आलें नव्हतें.

सोय करावयाची म्हणजे काय करावयाचें, हा तपशील रुक्ष वाटला तरी त्यांत नीतीचा मोठा भाग आहे. अमेरिकन कायद्याखालील मापें 2010 सालीं सुधारण्यांत आलीं. दाराची मोकळी रुंदी किमान 32 इंच. उतरणीचा चढ बारा फुटांस एक फुटाहून अधिक नसावा. गोल्फगाडीची वाट किमान 48 इंच रुंद. वाटेच्या कडेला गाडी अडविणारा कठडा असेल, तर 75 यार्डांहून अधिक अंतर न पडतां 60 इंचांची मोकळीक. तलावाच्या भिंतीची एकूण लांबी 300 फुटांहून कमी असेल तर अपंगास पाण्यांत उतरण्याचा एक मार्ग पुरतो, त्याहून मोठ्या तलावास दोन लागतात. आणि त्यांपैकीं एक तरी उतरती वाट किंवा माणसाला आसनावर बसवून पाण्यांत सोडणारा पाळणा असावा लागतो. या पाळण्याविषयीं एक अट आम्हांस फार मार्मिक वाटते. त्याची कळ कांठावरून व पाण्यांतूनही, म्हणजे बसणारास स्वतःस, चालवितां आली पाहिजे.

चार नोकर उभे असतांना ही अट कशाला, असें क्लबाचे व्यवस्थापक विचारतील. आपल्याकडे तर हा प्रश्न हमखास विचारला जाईल, कारण उचलून नेणारे हात आपल्याकडे स्वस्त आहेत आणि उचलण्याची तयारीही मनापासूनची असते. ही माया खोटी नाहीं. पण ज्याला उचलून पाण्यांत ठेवलें, तो दुसऱ्यानें उचलीपर्यंत पाण्यांतच राहतो. नोकराची जेवणाची वेळ, त्याचा कंटाळा, त्याला पुन्हां हांक मारण्याचा संकोच, या सर्वांचा हिशेब मनांत ठेवून जो पोहतो, त्याचें पोहणें विरंगुळा कसलें? विरंगुळ्यांत ‘आतां पुरे’ असें स्वतः म्हणण्याचा अधिकार अंतर्भूत आहे. सरकारी कागदोपत्रीं आतां अपंगांस ‘दिव्यांग’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तें नांव ज्यांना आवडतें त्यांनीं जरूर वापरावें, परंतु त्या कळीची किंमत आम्हांस या शब्दाहून अधिक वाटते.

येथवर वास्तूचा विचार झाला. अधिक बिकट प्रश्न खेळाचा आहे. दार रुंद केल्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं. पण एका खेळाडूसाठीं खेळाचा नियम बदलला, तर तो खेळ तोच राहतो काय? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें खरोखरीच आला, आणि 29 मे 2001 रोजीं त्याचा निकाल लागला. केसी मार्टिन हा उत्कृष्ट गोल्फपटू. जन्मतःच उजव्या पायांतील रक्ताभिसरणाच्या विकारामुळें चालणें त्याला अत्यंत क्लेशकारक व धोक्याचें होतें. धंदेवाईक सामन्यांच्या प्रवेशपरीक्षेंत तीन टप्पे होते. पहिल्या दोहोंत सर्वांस गाडी वापरण्याची मुभा होती, तिसऱ्यांत व मुख्य सामन्यांत नव्हती. मार्टिननें गाडी मागितली. पीजीए टूर या संस्थेनें ती नाकारली. आपण खाजगी क्लबासारखे आहों, असाही पवित्रा तिनें खालच्या न्यायालयांत घेऊन पाहिला. पण 3000 डॉलर शुल्क व दोन शिफारसपत्रें आणणाऱ्या कोणासही प्रवेशपरीक्षेला बसूं देणारी ही संस्था करमणुकीचा व्यापार करीत आहे, असें ठरलें.

चालणें हें गोल्फचें मर्म आहे काय? आमच्या नैयायिकांना हा प्रश्न घरचा वाटला असता. गाईचें लक्षण ‘तांबूस रंग’ असें केलें तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. ‘शिंगें’ असें केलें तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. गळ्याखालची पोळी हेंच तिचें असाधारण लक्षण. त्याच न्यायानें पाहतां, चालण्यावांचून गोल्फ नाहीं म्हटलें तर रोज गाडींत बसून खेळणारे असंख्य लोक, इतकेंच नव्हे तर त्याच संस्थेच्या प्रवेशपरीक्षेचे पहिले दोन टप्पे गोल्फबाहेर पडतात. ही अव्याप्ति उघड आहे. शिवाय ही अट खेळाच्या मूळ नियमावलींत बंधनकारक म्हणून नव्हती. ती त्या सामन्यांच्या शर्तींच्या कार्डावर होती. सात विरुद्ध दोन अशा मतांनीं न्यायालयानें ठरविलें कीं, चेंडू शक्य तितक्या कमी टोल्यांत खळग्यांत घालणें हें या खेळाचें मर्म आहे, आणि मार्टिनच्या गाडीनें त्यास बाध येत नाहीं.

न्यायमूर्ति स्कालिया यांचें विरोधी मत वाचनीय आहे, व त्यांतील उपहासामुळें तें टाकाऊ ठरत नाहीं. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स यानें 1457 सालीं धनुर्विद्येच्या आड येतो म्हणून गोल्फवर बंदी घातली होती, तेव्हांपासून कायद्याची व गोल्फची पुन्हां गांठ पडणें जणूं विधिलिखितच होतें, असा चिमटा ते काढतात. त्यांचें खरें म्हणणें असें: खेळाचे सर्वच नियम यादृच्छिक असतात, म्हणून कोणता नियम मर्माचा व कोणता वरवरचा हें विचारणेंच निरर्थक आहे. उद्यां लक्ष न टिकणाऱ्या मुलाचे आईबाप बेसबॉलमध्यें तीनाऐवजीं चार संधि मागतील, त्यांना काय सांगणार?

नियम तर्कानें सिद्ध होत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. पण यादृच्छिक नियमांतही भेद असतो. कांहीं नियम कौशल्य मोजतात. कांहीं दोन मोजणींच्या मधला वेळ कसा घालवावा हें सांगतात. बेसबॉलमधील तीन संधि हें मापच आहे. चौथी दिली कीं माप बदललें. गोल्फमध्यें माप टोल्यांचें आहे. एका टोल्यापासून दुसऱ्या टोल्यापर्यंत मनुष्य कसा गेला, याचा गुणपत्रकांत रकाना नाहीं. आणि मर्म ठरविण्याचा अधिकार सर्वस्वीं आयोजकाच्याच हातीं दिला, तर जिना चढून येणें हेंच आमच्या क्लबाचें मर्म आहे असें उद्यां कोणीही म्हणेल. स्कालिया शेवटीं कर्ट व्हॉनेगट याच्या 1961 च्या एका कथेची आठवण देतात. तींत सर्वांस समान करण्यासाठीं सरकार बळकटांच्या अंगावर ओझीं लादतें. पण मार्टिनच्या गाडीनें कोणाच्या खांद्यावर ओझें ठेवलें? गंमत अशी कीं, क्लबांतील रोजच्या गोल्फमध्यें दुबळ्या व प्रबळ खेळाडूस बरोबरीनें खेळतां यावें म्हणून ‘हँडिकॅप’ची सोय केलेली असते, धंदेवाईक सामन्यांत ती नसते हें खरें, पण विषमतेंतून समान आनंद काढण्याची कला या खेळानेंच आम्हांस शिकविली आहे.

तथापि बहुमताच्या निकालांतील एक भाग आम्हांस लंगडा वाटतो. गाडीमुळें मार्टिनला अन्याय्य लाभ होतो काय, या प्रश्नाचें उत्तर थकव्याच्या हिशेबानें देण्यांत आलें: पांच तासांत सुमारें पांच मैल चालण्यास केवळ 500 कॅलरी लागतात, मार्टिनला गाडी असूनही मैलाहून अधिक चालावें लागतें, आणि त्याचे क्लेश इतरांहून अधिकच आहेत. जॅक निक्लाऊस, अर्नोल्ड पामर, केन व्हेंचुरी यांसारख्यांनीं थकव्याचें महत्त्व साक्षींत सांगितलें. त्यांतील व्हेंचुरी यानें 1964 सालीं काँग्रेशनल कंट्री क्लबावर भयंकर उकाड्यांत एका दिवसांत 36 होल चालून अमेरिकेचें अजिंक्यपद मिळविलें होतें. त्याच्या साक्षीस वजन होतें. पण मार्टिनला गाडीनें लाभ होईल काय, याविषयीं तिघांपैकीं कोणींच मत दिलें नव्हतें. निकाल बरोबरच लागला. परंतु समजा, मार्टिनचा पाय निकामी असून दुखत नसता, आणि गाडींत तो इतरांहून ताजातवाना राहिला असता, तर? मग त्याला मनाई करणें न्याय्य झालें असतें काय? दुःखाचें वजन करून प्रवेश देणें ही दयेची रीत आहे. टोल्यांचें कौशल्य हेंच मर्म असेल, तर खेळाडूनें आपल्या वेदनांचा पुरावा द्यावा कशाला? न्यायालयानें पहिल्या आधारावर अधिक भर दिला असता तर बरें झालें असतें.

खेळाच्या धुरीणांनीं स्वतः मात्र पुढें बराच पल्ला गांठला. 2022 पासून पाइनहर्स्ट येथें अपंग खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. 2023 च्या नियमावलींत अपंग खेळाडूंसाठीं केलेले बदल पंचविसावा नियम म्हणून मुख्य ग्रंथांतच समाविष्ट झाले. वाळूच्या खड्ड्यांत टोला मारण्यापूर्वीं काठीनें वाळू चांचपणें सर्वांस निषिद्ध आहे. अंध खेळाडूस काठी टेकवून ठेवण्याची मुभा आहे, कारण चेंडू कोठें आहे हें त्यास एरवीं कसें कळावें? माप तेंच राहिलें, खेळ तोच राहिला.

आपल्याकडे काय? अपंगांच्या हक्कांविषयींचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानें 2007 सालीं मान्य केला. त्याचें तिसावें कलम करमणूक, विश्रांति व क्रीडा यांविषयीं आहे. 2016 च्या आपल्या कायद्यांतही संस्कृति, करमणूक व क्रीडा यांसाठीं स्वतंत्र कलमें आहेत, आणि सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, सुगम्यतेचे नियम त्यानें पाळावे असें म्हटलें आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजीव रतुरी यांच्या खटल्यांत दाखवून दिलें कीं, या कायद्याखालील नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपाचे आहेत, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्र सरकारास दिला. खाजगीपणाची सबब आपल्याकडे आणखी एका कारणानें दुबळी आहे. आपले कित्येक जुने क्लब सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील हिंदु, पारशी व इस्लाम जिमखाने हीं त्याचीं सर्वपरिचित उदाहरणें होत. त्यांच्या सोयींविषयीं येथें बरेंवाईट कांहींच म्हणावयाचें नाहीं. प्रश्न तत्त्वाचा आहे: जमीन सर्वांची असतांना दार मात्र कांहींचेंच, हें कोणत्या करारांत बसतें?

खर्चाची बाब खरी आहे, व जुनी दगडी इमारत एका रात्रींत बदलत नाहीं. परंतु ज्यास जवळजवळ कांहींच खर्च नाहीं असें एक काम कोणत्याही क्लबास उद्यां करतां येईल. दारांची रुंदी किती, पायऱ्या कोठें व किती, शौचकूपांत चाकांची खुर्ची वळते कीं नाहीं, तलावांत उतरण्यास काय साधन आहे, हें सारें खरेंखुरें मोजून एका कागदावर लिहावें व कचेरींत टांगावें. म्हणजे कोणी दूरध्वनीवरून विचारलें तर कारकुनास ‘या, कांहींतरी व्यवस्था करूं’ असें मोघम उत्तर द्यावें लागणार नाहीं, आणि येणारास यावें कीं नाहीं हें घरीं बसूनच ठरवितां येईल.